पहिलीची तयारी आणि नोव्हेंबरमधला वाढदिवस

निंबोणी | १२ जानेवारी, रात्री ११.४०

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचा टिल्लू नोव्हेंबरचा. म्हणजे येत्या जूनमध्ये तो पाच वर्षं सात महिन्यांचा असेल. राज्याचा नियम असा की ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत घेतात, म्हणजे तो बसतो. पण काठावर बसतो. सासूबाईंचं म्हणणं, 'बसतोय तर एक वर्ष घालवता कशाला?' नवऱ्याचं म्हणणं, 'एवढी घाई कसली, अजून वर्षभर मोठ्या गटात खेळू दे.' आणि मी दोघांच्या मध्ये, हातात प्रवेशअर्ज.

वरच्या मजल्यावरची मुलगी टिल्लूपेक्षा तीन आठवड्यांनी मोठी. शंभरपर्यंत आकडे लिहिते, बाराखडी म्हणते, 'माय सेल्फ'च्या पाच ओळी न अडखळता. आमचे चिरंजीव जेसीबी काढतात. फक्त जेसीबी. अक्षर एकच येतं, ट. कारण ते त्याचं स्वतःचं आहे. दुकानाच्या पाटीवर 'टायर' दिसलं की गाडी थांबवायला लावतो, 'आई, माझं नाव!' पालकसभेत बाईंनी सांगितलं की पेन्सिलीचा दाब कमी आहे आणि वेगही कमी आहे. पाच वर्षांच्या मुलाने कसला वेग गाठायचा असतो, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही, घरी येताना रिक्षात सुचलं.

दोन शाळा बघून झाल्या. एकीत म्हणे 'फक्त गप्पा मारायला' मुलाला घेऊन या. गप्पा काय, तर आकृती दाखवून 'व्हॉट इज धिस?' टिल्लू षटकोनाला 'नट' म्हणाला. जेसीबीचा नट. समोरच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

तर प्रश्न दोन. पाठवू की थांबू? आणि पाठवायचं ठरलं तर पाच महिन्यांत काय काय करून घेऊ?

स्पष्टवक्ता_नाशिक | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

पाठवा. जग कोणासाठी थांबत नाही. रोज अर्धा तास बसवा, जूनपर्यंत बाराखडी आणि शंभरपर्यंत आकडे होतात. आमच्या मुलीला असंच बसवलं होतं, आज चौथीत आहे, कुठे अडत नाही. मुलांना खेळू द्या वगैरे लिहायला फार छान असतं, पण उद्या वर्गात सगळ्यांना येतंय आणि आपल्यालाच येत नाही हे त्या मुलालाच कळतं. त्याची लाज त्याला वाटते, धाग्यावर लिहिणाऱ्यांना नाही.

काळा_चहा | १३ जानेवारी, सकाळी ९.०२

षटकोनाला नट म्हणाला ते बरोबरच आहे की. पैकीच्या पैकी.

आणि ती 'गप्पा' भानगड: शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. पहिल्यांदा सापडले तर २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. म्हणून तर त्याला मुलाखत न म्हणता गप्पा म्हणतात. (२५ टक्के राखीव जागांचे प्रश्न इथे नकोत, त्याचा वेगळा धागा आहे.)

खडूफळा | १३ जानेवारी, रात्री ९.५०

निंबोणी, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. एकोणीस वर्षांत बारा वेळा पहिलीचा वर्ग घेतला. घेतला म्हणजे मागून घेतला, बाकीचे पहिलीला नको म्हणतात. तुमचा धागा दुपारी वाचला आणि पोरांच्या वह्या तपासताना डोक्यात हाच विषय घोळत होता. लांबेल, सांभाळून घ्या.

पंधरा जूनला माझ्यासमोर तीस मुलं बसतात. त्यातल्या कोणाला वाचता येतं याने माझं पहिल्या महिन्यात काहीही अडत नाही. अडतं ते असं: साडेबाराला डबे निघतात आणि चौदा मुलं डबा घेऊन माझ्यासमोर रांग लावतात. चारी बाजूंनी खटके असलेले ते डबे! माझंसुद्धा नख तुटलंय. शेवटच्या मुलाचा डबा उघडेपर्यंत पहिल्याचं पाणी सांडलेलं असतं. आमच्याकडे शाळेत खिचडी मिळते तरी अर्धी पोरं डबा आणतात. तेव्हा पहिलं काम, टिल्लूला घेऊन दुकानात जा आणि जो डबा त्याला स्वतःला उघडता येईल तोच घ्या. चित्र कोणतं का असेना.

दुसरं शू-शी. घरी कमोड असेल तर मुलाला उकिडवं बसता येत नाही, हे मला शहरातल्या बदलीच्या शाळेत कळलं. मूल दिवसभर दाबून धरतं आणि मग व्हायचं ते होतं. कोणा नातेवाइकाकडे भारतीय पद्धतीचा संडास असेल तर सुट्टीत सराव करून घ्या. हूक-बटणाची चड्डी पहिलं वर्षभर नको, इलॅस्टिकची घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारता आलं पाहिजे. 'बाई, शू ला जाऊ?' एवढं एक वाक्य मोठ्याने, न लाजता. आमच्याकडे एक मुलगी पूर्ण जुलै महिना एक शब्द बोलली नव्हती. हुशार पोर, पण घरात तिने मागायच्या आधीच सगळं हातात मिळायचं. मागायची सवयच नाही.

आता अभ्यासाचं. स्पष्टवक्ता म्हणतात तसं शंभरपर्यंत येणारी मुलं दरवर्षी येतात. मी मूठभर चिंचोके पुढे ठेवते आणि म्हणते, सात दे. एक-दोन-तीन-चार असं घडाघडा म्हणत बोट पुढे पळतं आणि चिंचोके मागे राहतात. आकडे येतात, मोजणं येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताटात चार पोळ्या वाढ, दोन चमचे कमी आहेत ते आण, जिन्याच्या पायऱ्या मोज, हे ज्याच्या घरी झालंय त्याला मी आठवड्यात बेरजेपाशी नेते.

आपल्या मराठीत तर आणखी एक गंमत. 'तेवीस' ऐकताना तीन आधी ऐकू येतं आणि लिहायचं मात्र दोन आधी. म्हणून मूल ३२ लिहितं. ती चूक नाही, त्याने ऐकलं तसं लिहिलं. याच कारणाने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन आलं होतं आणि महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. बाजू कुणाचीही घ्या, पण पाच वर्षांच्या पोराला २३ आणि ३२ वरून ओरडू नका.

पेन्सिलीचा दाब कमी म्हणजे बोटांत ताकद कमी. ती लिहून येत नाही. मटार सोलायला द्या, भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, कणकेचा गोळा द्या, कपडे वाळत घालताना चिमटे लावायला द्या. रांगोळी चिमटीतून सोडणं हा तर पेन्सिल धरायचाच व्यायाम आहे, अंगठा आणि दोन बोटं. लांब पेन्सिलीऐवजी खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, मूठ करून धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो.

आणि ट येतो ना? मग तुमच्याकडे भरपूर भांडवल आहे. ट चं पोट मिटलं की ठ. त्याला म्हणावं, टायर बंद केला की ठसा. आम्हीही वर्णमालेच्या क्रमाने शिकवत नाही, पिढ्यान्‌पिढ्या गमभननेच सुरुवात होत आली आहे. तुमचा टमभन.

केंद्राच्या निपुण भारत अभियानातही (२०२१) समजून वाचता येण्याचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीचं ठेवलंय. तिसरीच्या अखेरीचं! आणि आपण मोठ्या गटात वेग मोजतोय.

वयाबद्दल उद्या लिहिते. डोळे मिटताहेत.

आज्जीबाई६८ | १४ जानेवारी, दुपारी ३.२०

संक्रांतीच्या शुभेच्छा सर्वांना. खडूफळा बाई, तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी श्रीगणेशा पाटीवर व्हायचा आणि त्याआधी वर्षभर तांदळाच्या ताटात बोट फिरवायचं. मी दोन्ही नातवांना तेच केलं, ताटात रवा पसरून. चुकलं तर ताट हलवायचं, पुसलं जातं. खोडरबराने कागद फाटत नाही आणि रडारड होत नाही. नंतर त्याच रव्याचा शिरा केला हे सुनेला सांगितलेलं नाही.

स्पष्टवक्ता_नाशिक | १४ जानेवारी, रात्री ८.३०

खडूफळा, तुमच्या शाळेचं मान्य. पण बहुतेकांची मुलं तुमच्या वर्गात नाहीत. आमच्या मुलीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीच्या दुसऱ्या आठवड्यात डिक्टेशन सुरू झालं होतं. दहा शब्द. ज्यांना मोठ्या गटात आलं नव्हतं त्यांच्या वहीत लाल शेरे. मी तिला आधीपासून बसवलं ते हौस म्हणून नाही, ती शाळा मला माहीत होती म्हणून. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असं दप्तर धोरण (२०२०) सांगतं. आम्हाला रोज दोन पानं होती. धोरण दाखवायला गेलो तर 'बाकीच्या पालकांना हवाय' म्हणाले. आणि खरंच हवा होता!

खडूफळा | १४ जानेवारी, रात्री १०.१०

स्पष्टवक्ता, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याकडे याला उत्तर नाही. शाळा चुकत असेल तर मुलाची तयारी करून घेणं हा पालकाचा बचाव असतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त निंबोणींनी अजून शाळा निवडलेली नाही. म्हणून माझा सल्ला असा की शाळेत मैदान किती, बस किती हे विचारायच्या आधी पहिलीच्या वर्गाच्या दारात पाच मिनिटं उभं राहायला मागा. भिंतीवर मुलांनी काढलेलं काही आहे का? ते सगळं एकसारखं आहे का? तीस मुलांची तीस सफरचंदं एकाच लाल रंगात भरलेली असतील तर काय ते समजा.

वयाचं. जानेवारीत जन्मलेलं आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच बाकावर बसतं. दहा महिन्यांचा फरक. मोठ्या माणसांत काहीच नाही, पण साडेपाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो जवळजवळ सहावा हिस्सा आहे. वर्षअखेरची मुलं मला ऑगस्टपर्यंत ओळखू येतात. दुपारी दोननंतर पेंगतात, भांडणात आधी रडतात, लिहिताना हात लवकर दुखतो. दिवाळीनंतर त्यातली बरीचशी सावरतात. सगळी नाही. दोन-तीन जणांच्या बाबतीत मला वाटलं होतं की एक वर्ष थांबायला हवं होतं. पण ते वयामुळे नव्हे. आईचा पदर सोडवत नव्हता आणि सांगितलेलं कानात शिरत नव्हतं म्हणून. तेव्हा वाढदिवस बघण्यापेक्षा हे बघा: आजीकडे किंवा मावशीकडे तुमच्याशिवाय दिवसभर राहतो का? दोन कामं एका दमात सांगितली ('चपला जागेवर ठेव आणि बाबांचा चष्मा आण') तर दोन्ही होतात का? हरल्यावर पट उधळतो का, की पुन्हा डाव मांडतो?

अमरावतीकर | १५ जानेवारी, सकाळी ११.००

वयावर एक व्यवहारी मुद्दा, तो अजून कोणी मांडला नाही. तुमच्यापैकी कोणाची बदलीची नोकरी असेल तर आत्ताच विचार करा. केंद्रीय विद्यालयात पहिलीला ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात, राज्याच्या शाळांना ३१ डिसेंबर. आमची मुलगी मेची. तिकडे दोन महिन्यांनी हुकली, वर्षभर थांबलो, सहा वर्षं दहा महिन्यांची असताना पहिलीत बसली. तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. आता तिसरीत आहे आणि ते वर्ष कुणाला आठवतही नाही. पुढच्या वर्गांनाही ते तसंच वय मोजतात, त्यामुळे आज राज्याच्या नियमाने लवकर टाकलं आणि उद्या बदली झाली तर घोळ होऊ शकतो.

दुसरं, भाषेचं. माही बदली पुण्याला झाली तेव्हा पोरगी मोठ्या गटात होती. वर्गात म्हणाली, 'मले पानी पायजे.' सगळे हसले. घरी येऊन म्हणते, 'बाबा, मी काहून चूक बोलली?' त्या दिवशी काळजाला लागलं. तिला एवढंच सांगितलं की आपल्या घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी, दोन्ही आपल्याच. तिच्या बाई चांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, तुमच्या आजी पाण्याला काय म्हणतात? जल, नीर, वाटर, पानी, सगळं फळ्यावर आलं.

आमच्या विदर्भात शाळा उन्हामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, तेवढीच तयारीला जास्त सुट्टी.

डहाणूची_चिकू | १५ जानेवारी, रात्री ९.२५

रवा, चिंचोके, मटार वाचून राहवलं नाही. माझी आई अंगणवाडी सेविका होती. आम्ही डहाणूजवळच्या कोसबाडच्या बाजूचे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, बरोबर अनुताई वाघ. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. विकतची खेळणी परवडणारी नव्हती, म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं, खडे.

आईकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात चिंचोके, सीताफळाच्या बिया, गुंजा, वालाचे दाणे, सगळं मिसळलेलं. नवीन मूल रडत आलं की आई काही समजूत घालायची नाही. डबा त्याच्यापुढे उपडा करायची आणि शेजारी चार वाट्या ठेवायची. बस. थोड्या वेळाने मूल नाक पुसत पुसत बिया वेगळ्या करायला लागायचं. आईला विचारलं तर म्हणायची, हे गणितच आहे, फक्त त्याला सांगायचं नाही. (गुंजा मात्र आता नका देऊ कोणी, विषारी असतात. तेव्हा कशा चालल्या देव जाणे.)

पहिला महिनाभर आई मुलांशी वारलीतच बोलायची. मराठी हळूहळू यायची. अमरावतीकर, तुमच्या त्या बाईंना नमस्कार सांगा.

श्टुटगार्टकर | १६ जानेवारी, रात्री १.३०

इकडे जर्मनीत आमच्या मुलाची पहिली गेल्या सप्टेंबरात सुरू झाली. शाळेआधी आरोग्य खात्याची तपासणी असते. मला वाटलं अक्षरं विचारतील, म्हणून गुपचूप तयारी करून घेतली होती. त्यांनी काय बघितलं? डोळे, कान, एका पायावर उभा राहतो का, माणूस काढून दाखव, ही गोष्ट पुन्हा सांग. किंडरगार्टनमध्ये अक्षर शिकवतच नाहीत. मुलगा तोपर्यंत चिखलात आणि झाडांवर होता, आणि आम्ही भारतात फोनवर सांगताना जरा विषय बदलत होतो.

प्रवेशासाठी ठरलेल्या तारखेनंतर जन्मलेल्यांना इथे 'कान-किंड' म्हणतात, म्हणजे 'जाऊ शकणारं मूल'. जायलाच हवं असं नाही. पालक अर्ज करतात, शाळा बघते. निंबोणी, तुमच्या टिल्लूला हा शब्द मला फार चपखल वाटला.

आणि पहिल्या दिवशी मुलाच्या हातात भला मोठा कागदी शंकू देतात, आत खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी. आम्ही त्यात बेसनाचे लाडू घातले होते. शंकूच्या टोकाला तूप झिरपलं. फोटोत दिसतं.

कडू_औषध | १६ जानेवारी, सकाळी ८.४५

बालरोगतज्ज्ञ आहे, थोडक्यात लिहितो. पाच ते सहा वर्षांत डीपीटी लसीचा दुसरा बूस्टर असतो, बरेच जण विसरतात. पहिलीआधी डोळे एकदा तपासून घ्याच. एक डोळा कमजोर असेल तर मूल सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. घरी एकेक डोळा झाकून दूरचं चित्र ओळखायला सांगा. ठरावीक एकच डोळा झाकल्यावर चिडचिड करत असेल तर लगेच दाखवा. आळशी डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत केला तर जास्त चांगला लागू पडतो. मागच्या वर्षी 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून आणलेल्या एका मुलाला चष्मा लागला आणि लक्ष परत आलं.

झोप नऊ ते बारा तास. शाळा उघडायच्या आदल्या रात्री नव्हे, तीन आठवडे आधीपासून वेळ मागे आणा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलंय, पण बस सव्वासातलाच येणार असेल तर त्याचा काय उपयोग!

काळा_चहा | १६ जानेवारी, सकाळी ९.१०

डॉक्टरांच्या यादीत भर. पाच पूर्ण झाली की मुलाच्या आधारचं बायोमेट्रिक करावं लागतं. शाळा उघडल्यावर त्या केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. मार्च-एप्रिलमध्ये उरकून टाका.

निंबोणी | १८ एप्रिल, दुपारी ४.०५

धागा वर काढतेय. उत्तरं वाचून वाचनखूण साठवली होती आणि खडूफळाताईंची तीन प्रश्नांची परीक्षा घरी घेतली. आजीकडे दोन दिवस राहिला, फोनवर बोलायलाही आला नाही. चपला-चष्मा: चष्मा आला, चपला राहिल्या. सापशिडीत पट उधळला, मग स्वतःच गोळा केला आणि म्हणाला, 'आता साप नको, फक्त शिड्या.' याला पास म्हणायचं की नापास?

शेवटी पाठवायचं ठरवलं. 'गप्पां'वाली शाळा सोडली. घरापासून चालत नऊ मिनिटांवर मराठी माध्यमाची जुनी शाळा आहे, तिथे पहिलीच्या दारात उभी राहून आले. भिंतीवर सफरचंदं नव्हती. गणपती होते, त्यातल्या एकाला सोंडा दोन.

त्यांचा परवा शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला, 'पहिले पाऊल'. मला माहीतच नव्हतं असं काही असतं. टेबलं मांडलेली, एकापाशी उड्या मारायच्या, एकावर वस्तू जोड्या लावायच्या, एकावर चित्र बघून गोष्ट सांगायची. पास-नापास काही नाही, कार्डावर खुणा करून देतात आणि काय सराव घ्यायचा ते आयांना सांगतात. टिल्लूने चित्रातल्या विहिरीची गोष्ट सांगितली, त्यात जेसीबी आला. आता जूनमध्ये पुन्हा एक मेळावा आहे.

सासूबाई खूश. नवरा म्हणतो, 'बघू.' मी रोज मटार आणतेय. बाजारातल्या भाजीवाल्याला वाटतं आमच्याकडे पाहुणे आहेत.

सध्या घरात 'बाई, शू ला जाऊ?' चा सराव चालू आहे. मी ओढणी खांद्यावर घेऊन बाई होते आणि तो हात वर करून विचारतो. दिवसातून दहा वेळा. शू नसली तरी.

खडूफळा | १८ एप्रिल, रात्री ९.००

दोन सोंडांच्या गणपतीसाठी त्या शाळेला माझ्याकडून फूल.

पट गोळा केला ना? मग पास. नियम बदलायला मागणं तर फार चांगलं. एक करा, शाळेच्या रस्त्याने मेमध्ये चार-पाच वेळा सहज चालत जा. बंद फाटक दाखवा. पहिल्या दिवशी निदान फाटक तरी ओळखीचं असतं. आणि 'शाळेत गेलास की बाई बघतील तुझ्याकडे' हे वाक्य घरात कुणालाही उच्चारू देऊ नका. आज्या हमखास म्हणतात.

आज्जीबाई६८ | १८ एप्रिल, रात्री ९.४०

मी नाही म्हणत.

निंबोणी | १९ जून, रात्री १०.१५

अहवाल देते.

पहिला दिवस झकास. फाटकाला आंब्याचं तोरण, हातात गुलाब. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे घेतले. पुस्तकं मिळाली. रडलं कोण, तर टिल्लूचे बाबा. टिल्लूने मागे वळूनही पाहिलं नाही, बाकाखालचा नट सैल आहे का ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी ओली चड्डी घेऊन घरी. मला कळेना, एवढा सराव केला, विचारलं का नाहीस? तर म्हणाला, 'बाई नव्हत्या.' कोण होतं मग? 'सर होते.'

पहिलीला सर आहेत! दोन महिने 'बाई, शू ला जाऊ?' पाठ केलेलं, त्यात सर कुठेच नव्हते. बिचारा हात वर करून उभा राहिला, सरांनी विचारलं काय रे, आणि हा गप्प. समोर बाईच नाहीत तर विचारणार कुणाला!

आता नवऱ्याला सर करून सराव चालू आहे.

खडूफळा | १९ जून, रात्री १०.४०

अरे देवा! ही माझीच चूक, मीच 'बाई' लिहिलं होतं. बारा वर्षं पहिली घेतली पण पहिलीला सर असू शकतात हे डोक्यात आलं नाही. त्या सरांना सांगा काय झालं ते, हसतील आणि लक्षात ठेवतील. आणि टिल्लूला सांगा, सरांना बाई म्हटलं तरी चालतं. मला दरवर्षी दोघं-तिघं 'आई' म्हणतात आणि मग बाकाखाली लपतात.

स्पष्टवक्ता_नाशिक | २० जून, सकाळी ७.३०

डिक्टेशन सुरू झालं का?

निंबोणी | २० जून, रात्री ९.३०

नाही हो. आज अक्षरांची ओळख सुरू झाली. सरांनी विचारलं, कुणाला कुठलं अक्षर येतं? टिल्लूने फळ्यावर जाऊन ट काढला. उलटा. सरांनी तो पुसला नाही, शेजारी सुलटा काढून विचारलं, 'यातला तुझा कुठला?' घरी आल्यापासून चार वेळा सांगून झालं.

एक नवीन अडचण मात्र आहे. डबा उघडायचा सराव पाच महिने केला. बंद करायचा केलाच नाही. आज अर्धवट झाकण लावलेला डबा दप्तरात आडवा पडला आणि लोणच्याचं तेल नव्या कोऱ्या पुस्तकाच्या तीन पानांत मुरलंय. कुणाला काही उपाय माहीत आहे का?

आज्जीबाई६८ | २० जून, रात्री ९.५५

पानांच्या दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर पसरून वर जड काहीतरी ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी झटका. तेल ओढलं जातं, पिवळा डाग थोडा राहील. वास जायचा नाही. आमच्या धाकट्याचं पहिलीचं पुस्तक अजून माळ्यावर आहे, उघडलं की लिंबाचा वास येतो.